उसना हात

पारिस मगदूमचं तोंड म्हणजे आतून कडी लावलेला दरवाजा होता. ती कडी सबंध पृथ्वीच्या पाठीवर एकाच हाताला उघडायची, त्याच्या थोरल्या बहिणीच्या, त्रिशलाच्या. दुसऱ्या कुणीही घास पुढे केला की पारिस आधी त्या माणसाकडे बघून गोड हसायचा, माणूस फसायचा, आणि तो घास त्याच माणसाच्या शर्टावर परत यायचा. जयसिंगपूरच्या सहाव्या गल्लीत अजून सांगतात की एका मोठ्या डॉक्टरांनी हट्टानं त्याला शिरा भरवला आणि पुढचा अर्धा तास ते चष्मा पुसत बसले. त्या शिऱ्यात बेदाणे किती होते तेही सांगणारे सांगतात. तेवढं आपण सोडून द्यावं.

जन्माच्या वेळी पारिसच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. हातपाय आखडलेले, तोंडातून शब्द एक नाही, पण डोळे असे की गल्लीतली माणसं त्याच्यासमोर थाप मारायला कचरायची. वय अडतीस. क्रिकेटचं समालोचन म्हणजे जीव. गडी कुठल्याही संघाचा बाद होवो, हा खुर्चीत उसळून हसणार. आई पद्माक्का तो पाच वर्षांचा असताना गेली. त्रिशला तेव्हा दहाची. तेव्हापासून त्याला भरवायचं ते तिनंच. सकाळी एकदा आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत एकदा. जैनाचं घर, दिवेलागणीनंतर जेवण नाही. आणि घरात हा नियम सगळ्यांत कडक पाळायचा तो पारिसच. दिवा लागला की दरवाजा बंद, तो थेट सकाळी उघडणार.

अशी ती बाई सगळा जन्म सूर्याशी शर्यत लावून जगली. तिला स्थळं आली होती दोन. दोन्ही वेळा पाहुणे संध्याकाळी आले, तिथंच मुद्दा संपला.

आणि मग तिच्या पित्ताशयात खडे निघाले. मिरजेला ऑपरेशन, आठ दिवस मुक्काम.

"आठ दिवस तो काय खाईल?" तिनं शकीलाभाभीला विचारलं.

शकीला मुजावर म्हणजे 'सोबत' केंद्राची सेविका, शेजारचीच. हे केंद्र तिसऱ्या गल्लीत, तंबाखूच्या जुन्या वखारीत. तिथं म्हाताऱ्यांना सोबत मिळायची, आईबाप आजारी असलेल्या पोरांना अभ्यास आणि गरम जेवण मिळायचं, आणि दिवसरात्र कुणाचं तरी करणाऱ्या बायकांना एक कप चहा मिळायचा. तो पिताना 'पेशंट कसाय?' असं कुणी विचारायचं नाही, एवढाच तिथला कायदा. रस्त्यावर बिनचालकाच्या रिक्षा फिरायला लागल्या, म्हशी आडव्या आल्या की त्या रिक्षा म्हशींची माफी मागायला लागल्या, तरी माणसाचं करायला माणूसच लागायचं. निदान तोवर तरी.

"खाईल की," भाभी म्हणाली. "तुझ्याच हातानं खाईल. तू फक्त हात ठेवून जा."

हात ठेवून जायची सोय पुण्याच्या हर्डीकरांनी आणली होती. दिसायला साधा करडा हातमोजा. हर्डीकर तो असा उचलायचे, जसं काही लग्नातलं मंगळसूत्र दाखवतायत.

"अहो, सोपं आहे," ते केंद्रात बायकांना सांगत होते. "आपल्या कातडीत दोन तऱ्हेच्या नसा. एक चपळ. चटका, टोचणं, खरखर, हे लगेच सांगणाऱ्या. दुसऱ्या आळशी. त्यांना फक्त माया कळते. सावकाश फिरणारा, अंगाइतकाच कोमट हात. तो कुणाचा हे त्या आळशी नसा बरोबर ओळखतात, कारण प्रत्येकाचा दाब वेगळा, मनगटाचा वळसा वेगळा, बोटांची थरथरसुद्धा वेगळी. त्रिशलाताई आठवडाभर मोजा घालून भरवतील. मोजा सगळं टिपेल. मग तोच मोजा भाभी घालतील. त्यात केसाएवढे हजारभर कृत्रिम स्नायू आहेत. भाभींनी हात सैल सोडायचा, मोजा नेईल तिकडे जाऊ द्यायचा."

"आणि मला धरून कुठं पळाला तर?" भाभी.

"बोटांच्या टोकाला संवेदक आहेत. समोरच्याचा श्वास, ओठांचा ताण, कातडीखालचं रक्त, सगळं वाचतात. आवडलं तर पुढे, नाही आवडलं तर मागे. अन् हे बघा, शिकून झालं की मनगटावरची ही 'शिकवणी' बंद करायची. बंद म्हणजे बंद. नाहीतर तो शिकतच राहील."

"धुवायला येतो काय हो? माझ्या घरात मटण असतंय, हिच्या घरात कांदासुद्धा नसतोय."

"येतो," हर्डीकर म्हणाले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मिरजेत त्रिशलाला फोन आला. "खाल्लं गं! सगळं ताट. वर ढेकर दिला बघ." त्रिशलाला फार आनंद झाला; आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी खुपलं. पोटाचे टाके असतील म्हणून तिनं सोडून दिलं.

परत आल्यावर पारिसनं तिच्या हातचंही खाल्लं. म्हणजे नुकसान काहीच नाही. मग संध्याकाळची पाळी अधूनमधून भाभीकडे जायला लागली. त्रिशला शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली. एकदा तर अंकलीच्या पुलाशी उभी राहून तिनं सूर्य मावळताना बघितला, पहिल्यांदाच, कुणाला काही न भरवता. तांबडा गोळा नदीत शिरला तरी जगात कुणी उपाशी राहिलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

एके दिवशी वर्ग लवकर सुटला. ती घरी आली तेव्हा भाभी पारिसला भरवत होती. त्रिशला उंबऱ्यातच थांबली.

भाभीचा हात घास देऊन मागे आला. मग करंगळीची मागची बाजू पारिसच्या ओठाच्या कोपऱ्यावरून वर गेली, गालावर एक अर्धगोल काढला, आणि तळवा त्याच्या टाळूवर टेकला. तेल जिरवताना टेकवतात तसा. पारिसचे डोळे मिटलेले होते. आखडलेल्या त्याच्या मुठी उघड्या पडल्या होत्या, पीळ सुटलेल्या दोरीसारख्या सैल.

"भाभी, हे काय करताय?"

"भरवायलेय की."

"ते नव्हे. करंगळीनं. मी असं पुसत नाही."

भाभी आपल्याच हाताकडे बघत राहिली. "तूच नाहीस व्हय? मला वाटलं तुझंच."

त्रिशलानं मनगट धरून बघितलं. शिकवणीचा हिरवा ठिपका चालू होता.

"हे बंद का नाही केलं?"

आता भाभीचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला. झालं होतं ते असं. मोजा एकच आणि केंद्रातल्या बायका सात. ज्याच्या त्याच्या घरच्या माणसासाठी मोजा आळीपाळीनं उसना जायचा. प्रत्येक घराचं शिक्षण मोज्याच्या आठवणीतल्या वेगळ्या खणात ठेवलेलं, त्यामुळे भेसळ होणार नाही असं हर्डीकरांनी सांगितलेलं. पण आपल्याकडे उसन्या वाटीतून साखर आणली तर वाटी परत देताना तिच्यात चार शेंगदाणे तरी टाकतात. रिकामी वाटी परत दिली तर देणारीचं तोंड दिसत नाही, घेणारीची मान वर होत नाही. मग असला मोलाचा हात उसना घ्यायचा आणि नुसता परत करायचा? कुणीतरी म्हणालं, शिकवणी चालू ठेवून पारिसच्या खणात आपलं चांगलं थोडंसं घालू या. एकीनं त्यात नातवाला थोपटलं, एकीनं सासूचे पाय चेपले, भाभीनं स्वतः कणीक मळली. पारिसला जरा जास्तीची माया म्हणून. ठिपका कुणीच बंद केला नाही. बंद केला तर पुढचीला काही घालता यायचं नाही.

"मग करंगळीचं कुणी घातलं?"

त्रिशला सातही घरं फिरली. कुणीच नाही. सातवं घर चंद्राक्काचं. ऐंशीची म्हातारी, पद्माक्काची मैत्रीण, नवरा केंद्रात दिवसभर भिंतीशी गप्पा मारणारा. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? दाव तरी मला."

दुसऱ्या दिवशी चंद्राक्का येऊन बसली. भाभीनं पहिला घास दिला. करंगळी ओठाच्या कोपऱ्यावरून वर गेली आणि चंद्राक्काच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं.

"पद्मा," ती म्हणाली. मग लुगड्याचा पदर तोंडात धरून, "आगं, ही पद्मा हाय. पोराला अशीच पुसायची. वरनं खाली पुसलं की भाग्य पुसतंय म्हणायची येडी."

भाभीनं मोजा काढायला दुसरा हात लावला, पण पारिसनं असा आवाज काढला की तिनं तो तसाच ठेवला.

हर्डीकर पुण्याहून धावत आले. तपासता तपासता त्यांच्या कपाळावर घाम आला आणि डोळ्यांत चमक आली. दोन्ही एकदम येणं शास्त्रज्ञाच्या बाबतीत चांगलं लक्षण नव्हे.

"कुलपात तार घालून चाचपडणारा चोर बघितलाय का कधी? किल्ली त्यानं पाहिलेली नसते. पण कुठं अडतं, कुठं सैल होतं, हे बघत बघत तो तारेला किल्लीचा आकार देतो. मोज्यानं तेच केलं. दर घासाला थोडं इकडे, थोडं तिकडे. जिथं पारिसची कातडी सैल झाली, ते ठेवलं. महिनोन्‌महिने. त्या कातडीला ज्या हाताची वाट होती, तो हात त्यानं तिच्यातूनच काढला."

"म्हणजे आई आलीय?" त्रिशलानं विचारलं.

"छे, छे. आई नाही. आईच्या आकाराची रिकामी जागा. ती त्याच्या अंगात होतीच." मग खिशातली वही चाचपत, "यावर निबंध लिहिला पाहिजे हो."

"निबंध नंतर लिहा. आधी ते काढा."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशलानं उघड्या हातानं घास पुढे केला तेव्हा पारिस तिच्याकडे बघून गोड हसला. ते हसू तिनं जन्मभर दुसऱ्यांना मिळताना बघितलं होतं. तिला कळलं, आणि तरी ती मागे सरली नाही. घास तिच्या पदरावर परत आला.

तिनं स्वतः मोजा घालून बघितला. पारिसनं खाल्लं. पण तिचं मनगट तिला न विचारता वळत होतं, आणि आपल्याच हाताला परकी ऊब येत होती. दुसऱ्या घासाला तिनं हात मागे ओढला, मोज्यानं पुढे, आणि घास मध्येच सांडला. मग मोजा पुन्हा भाभीच्या हाती गेला.

शिवणाचा वर्ग बंद पडला. त्रिशला दोन्ही वेळा समोर बसून राहायची, नाटक बघावं तशी. दहा वर्षांची असताना हरवलेली वस्तू रोज दोनदा घरात यायची आणि सगळीच्या सगळी एकाला देऊन जायची. एका सकाळी तिनं मान खाली घालून म्हटलं, "भाभी, एकदा माझ्या डोक्यावर ठेवा ना."

भाभीनं ठेवला. हात जड पडून राहिला. बोटं केसांतून जराशी चाचपडली, काही ओळखीचं मिळेना तशी थांबली. दुकानात चुकून दुसऱ्याच्या पिशवीवर पडलेला हात जसा संकोचून मागे येतो, तसा तो मागे आला.

"त्याला मी माहीतच नाही," त्रिशला म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मोजा गरम लागायला लागला. भाभी म्हणाली, आतली बॅटरी असेल. मग घास लहान झाले. मग बोटांना कंप आला. ओठाकडे जाणारी करंगळी वाटेत दमून थांबायची. ताट संपायला सूर्य गच्चीच्या कठड्याखाली जाऊ लागला.

चंद्राक्कानं एकदाच बघितलं आणि दारातूनच परत फिरली. त्रिशलानं तिला गल्लीत गाठलं.

"बोल की, अक्का."

"कावीळ झाल्ती तिला. अंगात ताप, तरी पोराला भरवायची. शेवटी शेवटी एवढे एवढे घास." चंद्राक्कानं चिमूट दाखवली. "पुढचं तुला ठाऊक हाय."

पुढचं ठाऊक होतं. कातडीची आठवण म्हणजे चित्र नव्हे, ओवलेली माळ. एक मणी ओढला की मागून दुसरा येतो. मोजा आईला घेऊन आला होता आणि आता आईला घेऊन निघाला होता. हर्डीकरांना फोन झाला. त्यांनी पुण्यातून पारिसचा खण गुंडाळून बाजूला ठेवला आणि त्रिशलाची पहिली, निर्मळ नोंद मोज्यात भरली. पारिसनं ती हुंगलीही नाही. परत जुना खण लावला. दोन दिवस हात आणखी क्षीण चालला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ताटाशी पोहोचण्याआधीच थंड पडला. मोजा चालू होता, ठिपका हिरवा होता. पण भाभीच्या मनगटाला लटकलेली ती चीज ओल्या फडक्यासारखी पडून राहिली.

पारिसनं तोंड मिटलं. पाणीसुद्धा कापसानं ओठांवर सोडायचं, ते अर्धं बाहेर. घरी येऊन डॉक्टरांनी सलाईन लावलं, आखडलेल्या हाताची शीर सापडेना म्हणून पायाला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेर ओट्यावर येऊन त्रिशलाशी बोलले. "अंगात काही उरलेलं नाही. उद्या नळी घालावी लागेल पोटात. आणि खरं सांगू? ती तरी तो सोसेल असं मला वाटत नाही."

संध्याकाळी हर्डीकर आले. या वेळी निबंधाचं नाव काढलं नाही. "त्रिशलाताई, आई गेल्यावर तो जेवला कसा? तेव्हा काय केलंत?"

"सगळे म्हणतात, माझं तोंड बघून त्यानं घास घेतला."

"सगळे म्हणतात. तुम्हाला काय आठवतंय?"

त्रिशलाला काहीच आठवत नव्हतं. घर भरून माणसं होती, कुणी तिला परकर नीट कर म्हणालं होतं, एवढंच.

भाभीनं नेहमीसारखा भात कालवला. मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. "मी बसते जरा त्याच्यापाशी," ती म्हणाली आणि सवयीनं मोजा चढवला. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. पारिसच्या गालांत खड्डे पडले होते. त्यानं मोज्याकडे बघितलंही नाही. भाभीनं थंड पडलेली बोटं त्याच्या हनुवटीला लावून ठेवली, बराच वेळ.

मग ती दचकली. "हर्डीकरसाहेब, हे हलायलंय."

बोटं आखडली होती. मोठ्या माणसाची पाच बोटं आत ओढून घेऊन कुणीतरी लहान मूठ केल्यासारखी. ती मूठ ताटात आपटली, भात सांडला. घास भरला गेला तो बेढब, अर्धा बोटांतून गळणारा. पद्माक्काच्या हाताची चाल त्यात कुठंच नव्हती.

"भाभी, सावकाश," हर्डीकर पुटपुटले.

"मी काय करीत न्हाई हो! हेच ओढतंय!"

घास पारिसच्या ओठापर्यंत गेला. पारिसनं तोंड फिरवलं. हात क्षणभर थांबला, आणि मग उलट्या दिशेनं फिरला. पारिसपासून दूर, भाभीपासूनही दूर, खाली, त्याच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला. तिथं कुणीच नव्हतं. जमिनीपासून हातभर वर, मोकळ्या हवेत, घास धरून तो थांबला. वरणाचा एक थेंब फरशीवर पडला.

थोड्या वेळानं हात रिकाम्या जागेतून मागे आला, घास तसाच, पुन्हा पारिसच्या ओठाशी. पुन्हा नकार. पुन्हा तो खाली गेला, त्याच जागी. आता तो कापत होता, पण तापानं नव्हे. लहान मूल रडं आवरताना कापतं तसा.

पारिस त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याचे डोळे कशावर तरी ठरले होते.

त्रिशलाला कुणी काही सांगितलं नाही. तिच्या पोटातच कळ उठली, जुनी, विसरलेली. ती भूक होती. आई गेली त्या घरात चूल पेटली नव्हती, शेजारून ताट आलं होतं ते पारिससाठी, आणि त्या गर्दीत दहा वर्षांच्या पोरीला, तू खाल्लंस का, असं एकाही माणसानं विचारलं नव्हतं. भावाचं ताट घेऊन ती कोपऱ्यात बसली होती. तो घेईना. तिला राहवेना. तिनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला होता.

ती खुर्चीच्या डाव्या बाजूला गेली, फरशीवर मांडी घातली. तरी तोंड उंच राहत होतं. तिनं पाठ वाकवली, मान आत घेतली, पोटावरचा ऑपरेशनचा व्रण ओढला तरी आणखी वाकली, आणि तो हात जिथं थांबला होता तिथं तिचं तोंड आलं. तिनं ते उघडलं.

घास आत गेला. बोटं तिच्या दातांना लागली, घाईनं, धसमुसळी. अर्धा भात हनुवटीवर आला. त्या हाताला ती माहीत होती. तिनं डोळे मिटून चावलं.

वरून एक आवाज आला. शेवटचा गडी बाद झाल्यावर येतो तसला, पण बारीक. पारिसनं तोंड उघडलं होतं. अख्खं, मागच्या दाढा दिसतील एवढं, आणि तो डोळे वटारून ताटाकडे बघत होता. आपलं कुणी खाऊन टाकतंय म्हटल्यावर बघतात तसं.

"त्याला द्या," त्रिशला भरल्या तोंडानं ओरडली. पण भाभीला काही द्यावं लागलं नाही. हात आपणच वर गेला होता.

एक घास त्याला, एक तिला. हर्डीकर भिंतीला टेकून बघत होते. कातडीला स्पर्श कळेल, ऊब कळेल, पण घास न मिळताना तो कुठं गेला हे कातडीला कसं कळावं? तो मोजा पुढे पुण्याला गेला, चिरफाड झाली, आणि त्या संध्याकाळची नोंद त्यात कुठंही सापडली नाही, असं ते खाजगीत सांगतात. हवं तर यातलं निम्मं सोडून द्यावं.

खिडकीत ऊन बोटभर उरलं होतं. त्रिशलानं फरशीवरूनच भाभीचा हात धरला, मोजा सोलून काढला आणि बाजूला ठेवला. मग उघड्या हातानं ताट पुढे ओढलं. भात कालवला, घास उचलला. पारिस तोंड मिटून तिच्याकडे रोखून बघत राहिला.

तिनं तो घास आधी स्वतः खाल्ला.